केबिन मध्येच थांबली, तर?

आत्या पुढच्या महिन्यात नातवंडांना घेऊन ऑर्लँडोच्या डिस्ने वर्ल्डला जाणार आहे. तिथले व्हिडिओ बघता बघता तिला डोक्यावरून सरकत जाणाऱ्या रंगीत केबिन दिसल्या आणि तिने लगेच फोन केला. "अरे, हे डबे मध्येच बंद पडले तर उतरायचं कसं?" मी म्हटलं, "बंद पडतात की. पुष्कळदा पडतात. आणि थांबता येतं म्हणूनच त्यात बसावं." तिचं काही समाधान झालं नाही, आणि ते साहजिकही होतं. असं उत्तर एका वाक्यात पटत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तिने पाहिलेली गोष्ट म्हणजे डिस्ने स्कायलायनर. 29 सप्टेंबर 2019 रोजी ती लोकांसाठी सुरू झाली. उभारणी केली डोपेलमायर या ऑस्ट्रियन कंपनीने. डोंगरावरच्या रोपवेंच्या धंद्यात हे नाव फार मोठं आहे. स्कायलायनरचे तीन मार्ग आणि पाच स्टेशनं आहेत, एका केबिनमध्ये 10 माणसं बसू शकतात आणि वेग ताशी साधारण 18 किलोमीटर, म्हणजे सायकलवाल्याइतका. थीम पार्कमध्ये असली तरी ही झोके देणारी राइड नाही. हॉटेलातून पार्कात नेणारी ती हवेतली बससेवा आहे. त्यामुळे तिच्यात रोज आजी-आजोबा, तान्ही बाळं, व्हीलचेअरवरची माणसं असे सगळेच बसतात. कोणी थरारासाठी आलेलं नसतं.

आता यंत्र समजून घेऊ. विहिरीवरचं रहाटगाडगं पाहिलं असेल तर निम्मं काम झालंच. दोराच्या अखंड माळेला गाडगी बांधलेली, चाक फिरलं की माळ फिरते. तीच माळ आडवी करा, पोलादी दोराची करा, दोन टोकांच्या दोन मोठ्या चाकांवर ताणून बसवा आणि मध्ये खांबांवरच्या पुल्यांनी तिला आधार द्या. झाला गोंडोला, म्हणजे अशा केबिनचा रोपवे. एकच दोर केबिनचं वजन पेलतो आणि तोच तिला ओढतो. त्याची दोन टोकं एकमेकांत विणून तो अखंड केलेला असतो. त्यात गाठ नसते, जोडपट्टी नसते. हा विणलेला भाग दोराच्या जाडीच्या निदान बाराशे पट लांब ठेवतात. दोर 5 सेंटिमीटर जाड असेल तर सांधा झाला 60 मीटरचा! इतक्या लांबीवर पेड एकमेकांत मुरवलेले असतात, की सांधा नेमका कुठे आहे हे सहज ओळखूही येत नाही.

रहाटाची गाडगी माळेला कायमची बांधलेली असतात. इथे तसं नाही. प्रत्येक केबिनच्या डोक्यावर एक पकड असते. त्या धंद्यात तिला ग्रिपच म्हणतात. ही ग्रिप म्हणजे दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांचा चिमटाच, फक्त प्रचंड ताकदीचा. चिमटा हातात घेऊन बघा. तो स्प्रिंगच्या जोरावर आपोआप मिटलेला असतो. उघडायचा तर दाबावा लागतो, हात सोडला की पुन्हा मिटतो. ग्रिपचंही तसंच. स्टेशनात शिरताना तिची दांडी एका रुळावर चढते, रूळ ती दांडी दाबतो, ग्रिप उघडते आणि केबिन दोरापासून सुटते. मग रबरी टायरांच्या रांगेवरून ती मुंगीच्या पावलांनी पुढे सरकते, आपण चढतो-उतरतो. निघताना तेच टायर तिला दोराच्या वेगाला आणतात, दांडीवरचा दाब निघतो आणि ग्रिप पुन्हा दोराला घट्ट धरते. स्टेशनातून बाहेर पडताना जो हलकासा हिसका बसतो आणि नंतर एकदम शांत वाटतं, तो हाच क्षण. वीज गेली, मोटर जळली, कंट्रोल रूममधला कॉम्प्युटर बंद पडला, तरी आकाशातल्या केबिनची पकड ढिली होत नाही. धरून ठेवायला विजेची गरजच नाही, काम स्प्रिंग करतेय.

ब्रेकचीही हीच रीत. आपल्याला वाटतं की ब्रेक लावायला शक्ती लागते. इथे उलटं आहे. ब्रेक स्प्रिंगच्या जोराने लागलेलेच असतात आणि ते उघडे ठेवायला तेलाचा दाब द्यावा लागतो. दाब गेला की ब्रेक लागला. एक ब्रेक मोटरच्या बाजूला असतो, दुसरा थेट मोठ्या चाकावर. मधली गिअरपेटी फुटली तरी चाक धरायला हा दुसरा ब्रेक असतोच.

या ब्रेकना हुकूम कोण देतं? तर एक साधी वायर, जी सगळ्या मार्गावरून फिरून येते. पूर्वी दिवाळीत बारीक बल्बांच्या माळा लावायचो ना, एक बल्ब गेला की अख्खी माळ विझायची आणि बाबा एकेक बल्ब चिमटीत धरून तपासत बसायचे. ती माळ आपल्याला वैताग द्यायची. इथे तो गुण मुद्दाम घातलेला आहे. प्रत्येक खांबावर, प्रत्येक दारापाशी, ग्रिप तपासणाऱ्या जागी त्या वायरमध्ये एकेक स्विच बसवलेला असतो. खांबावरचा दोर पुलीवरून घसरला तर तो बाजूच्या एका ठिसूळ काट्यावर आदळतो, काटा मोडतो, वायर तुटते आणि सगळं थांबतं. ग्रिप नीट मिटली नाही, थांबलं. स्टेशनात एखादी केबिन ठरल्या वेळेत पुढे सरकली नाही आणि मागची जवळ आली, थांबलं. वारा मोजणारी यंत्रं खांबांवर फिरत असतात. वारा वाढला की आधी वेग कमी आणि मग प्रवासी उतरवून सेवा बंद. फ्लोरिडात दुपारी वीज-पाऊस हा नेहमीचाच पाहुणा, म्हणून ढगांचा गडगडाट जवळ आला की नवीन माणसं चढवणं बंद करतात आणि वर असलेल्यांना आधी उतरवून घेतात.

शिवाय दोर एकच असल्याने एका स्टेशनातलं थांबणं सगळ्यांचं थांबणं होतं. कुठल्या तरी आजीबाईंचा पाय चढताना अडखळला, कर्मचाऱ्याने बटण दाबलं, की मैलभर लांब तळ्यावर लटकलेले तुम्हीही थांबलात. मिनिटभरात पुन्हा सुरू होतं. थांब्यांपैकी बहुतेक याच जातीचे असतात. व्हीलचेअरवाल्यांसाठी स्कायलायनरमध्ये वेगळी बाजू ठेवली आहे, तिथे केबिन मुख्य रांगेतून बाजूला घेऊन पूर्ण थांबवतात आणि बाकीची रांग चालूच राहते. मला ही त्या यंत्रातली सगळ्यात माणुसकीची सोय वाटते.

आता "दोर तुटला तर?" आत्याने हाही प्रश्न विचारलाच होता. दोरावर जास्तीत जास्त जो ताण येऊ शकतो, त्याच्या साधारण चार-पाच पट ताण सोसेल असाच दोर वापरतात. शेकडो तारांपैकी एखादी आत तुटली असेल तर ती डोळ्यांना दिसत नाही, म्हणून दोर चुंबकीय यंत्रातून सरकवून तपासतात. आतली तुटलेली तार त्या यंत्राच्या आलेखावर टोक काढते. कॅनडात स्क्वामिश इथल्या गोंडोलाचा दोर 2019 मध्ये आणि परत 2020 मध्ये खाली आला. दोन्ही वेळा रात्री कुणीतरी तो मुद्दाम कापला होता. केबिन रिकाम्या होत्या, म्हणून जीव वाचले. असा दोर आपण होऊन तुटणं फार दुर्मीळ आहे. तरी धोका दोराच्या बाहेरूनही येऊ शकतो. 25 जून 2017 रोजी काश्मीरमध्ये गुलमर्गला वादळी वाऱ्यात उन्मळलेलं झाड गोंडोलावर कोसळलं आणि 7 जणांचा जीव गेला. मार्गालगतची झाडं तोडणं, वाऱ्याचा अंदाज येताच सेवा थांबवणं ही कामं दोर तपासण्याइतकीच महत्त्वाची आहेत, आणि त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नसतं.

थांबल्यानंतर काय होतं, तो खरा भाग आता येतो.

स्कायलायनर सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता. 5 ऑक्टोबर 2019, शनिवारची संध्याकाळ. एपकॉट पार्ककडे जाणाऱ्या मार्गावर रिव्हिएरा स्टेशनात केबिन एकमेकींना भिडून अडकल्या. मार्ग बंद. लोक हवेत, अंधार पडलेला, आणि हे तीन तासांहून जास्त चाललं. तिथल्या अग्निशमन दलाच्या गाड्या आल्या आणि काही केबिनमधल्या लोकांना त्यांनी वरून उतरवलं. स्कायलायनर 14 ऑक्टोबरला पुन्हा सुरू झाली. सुरू करताना डिस्नेने सांगितलं, की कामाच्या पद्धतीत आणि प्रशिक्षणात बदल केलेत आणि केबिनमधल्या प्रवाशांशी बोलण्याची पद्धत सुधारतोय. हा शेवटचा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. त्याकडे परत येतो.

तीन तास का लागतात? लोकांना वाटतं, वर अडकले, शिडी लावा, उतरवा. पण गोंडोलाच्या जगात पहिला नियम आहे: माणसाला केबिनमधून काढायचं नाही, केबिनलाच स्टेशनात आणायचं. जोवर दोर फिरवता येतो तोवर तो फिरवायचा. त्यासाठी एकावर एक सोयी असतात. बाहेरची वीज गेली तर जनरेटर. मुख्य मोटर किंवा गिअरपेटी गेली तर एक वेगळं डिझेल इंजिन, जे तेलाच्या दाबावर थेट मोठं चाक फिरवतं, मधल्या बिघडलेल्या यंत्राला हातही न लावता. हे इंजिन फार हळू ओढतं. मग केबिन एकेक करून रांगत रांगत घरी येतात. वर बसलेल्याला वाटतं की थोडं चाललं, परत थांबलं, परत चाललं, काही तरी भयंकर बिघडलंय. प्रत्यक्षात तीच सुटका चालू असते! आणि रिव्हिएरासारखा प्रसंग असेल, जिथे स्टेशनातच केबिन अडकल्यात, तर आधी त्या हातांनी बाजूला काढाव्या लागतात, मग दोराला, पुल्यांना काही इजा झाली नाही ना ते बघावं लागतं. तपासल्याशिवाय दोर हलवणं हा मूर्खपणा ठरेल. यात तास जातो. वर बसलेल्याला तो खूप लांब वाटतो हे मला मान्य आहे, पण तो तास वाया गेलेला नसतो.

दोर हललाच नाही, तर मात्र माणसं उतरवायची. जिथे खाली रस्ता आहे आणि उंची कमी आहे तिथे अग्निशमन दलाची शिडीची गाडी. डिस्नेच्या बऱ्याच भागात ते जमतं, जमीन सपाट आहे. गाडी पोचत नाही तिथे बचावपथकातला माणूस खांबावर चढतो, दोरावर एक छोटी चाकांची गाडी अडकवतो, तिच्याखाली स्वतःला लटकावतो आणि दोरावरून घसरत केबिनपाशी येतो. आधी तुम्हाला छपरावर पावलांचा आवाज येतो. मग दार बाहेरून उघडतं. आतून ते उघडत नाही आणि उघडू नये म्हणूनच तसं बनवलेलं असतं. तो आत येतो, नाव विचारतो, हसतो. अशा वेळी हसणं हाही त्याच्या कामाचाच भाग. मग जाड कापडाचा एक त्रिकोण काढतो. एक टोक पायांमधून पुढे, दोन टोकं काखेखालून, तिन्ही टोकं छातीशी एका कडीत, खट्. पाठीला बाळाच्या झोळीसारखा आधार मिळतो. तुम्ही दाराच्या कडेवर बसता, तो सांगतो, "माझ्याकडे बघा, खाली नको." पुढे तुम्ही काहीच करायचं नाही. दोराला धरायचंही नाही. वरचं ब्रेकचं यंत्र तुम्हाला संथपणे सोडतं आणि खाली उभा असलेला माणूस पाय जमिनीला लागताच कमरेला धरतो. खाली पाणी असेल तर होडी.

18 फेब्रुवारी 2019 रोजी कॅलिफोर्नियात सॅन डिएगोच्या सीवर्ल्ड पार्कमध्ये नेमकं हेच झालं. वाऱ्याच्या एका जोरदार झोतानं बेसाइड स्कायराइडचा सर्किट ब्रेकर पडला आणि 16 माणसं खाडीच्या पाण्यावर लटकून राहिली. त्यांत लहान मुलंही होती. रात्र, गार वारा. एकेकाला दोराने खाली बोटीत उतरवलं. सगळे उतरायला सुमारे चार तास लागले.

16 माणसांना चार तास! आता हिशोब करून बघा. धरून चालू की एका माणसाला पट्टा बांधून खाली सोडायला तीन मिनिटं लागतात. केबिनमध्ये 10 जण, म्हणजे अर्धा तास. मग पुढच्या केबिनपर्यंत सरकायला आणखी दहा मिनिटं. एका मार्गावर अशा पन्नास भरलेल्या केबिन असतील तर एका पथकाला तेहतीस तास लागतील. म्हणून पथकं आठ-दहा लागतात, प्रत्येकाचे खांब आधी वाटून दिलेले असावे लागतात, आणि मुख्य म्हणजे हे सगळं त्यांनी हंगामाआधी खऱ्या केबिनवर, खऱ्या उंचीवर करून पाहिलेलं असावं लागतं. सुटकेचा आराखडा कपाटात ठेवून भागत नाही, तो हाताच्या सवयीत यावा लागतो.

आणि उतरवणं हे स्वतःच जोखमीचं काम आहे. आपल्याकडे झारखंडमध्ये देवघरजवळ त्रिकूट डोंगरावर 10 एप्रिल 2022 रोजी, रामनवमीच्या दिवशी, रोपवेच्या केबिन आदळल्या आणि लोक दरीवर अडकले. खाली इतकी खोली, की शिडीचा प्रश्नच नव्हता. हवाई दलाची हेलिकॉप्टर आली, लष्कर आलं, चाळीस तासांहून अधिक काळ काम चाललं आणि चाळीसहून अधिक माणसं जिवंत परत आली. रोपवेवरच काम करणाऱ्या एका स्थानिकाने स्वतः दोराने वर जाऊन लोकांना उतरवलं. पण त्या घटनेत जे 3 जण गेले, त्यांपैकी दोघं हेलिकॉप्टरने उचलताना पडले. मी हे घाबरवायला सांगत नाही. "लगेच बाहेर का काढत नाहीत?" या रागाला हे उत्तर आहे. काचेच्या आत बसलेला माणूस दोराला लटकलेल्या माणसापेक्षा सुरक्षित असतो.

जे सगळ्यात जिव्हारी लागतं ते मात्र इटलीतलं. 23 मे 2021, मोत्तारोने डोंगर. तो रोपवे आपल्या रायगडच्या रोपवेसारखा, एक बाजू वर जाते तेव्हा दुसरी खाली येते. तिथे एक दोर केबिन पेलतो आणि वेगळा दोर ओढतो. ओढणारा दोर तुटला. अशा वेळी केबिनवरचा आणीबाणीचा ब्रेक पेलणाऱ्या दोराला आपोआप पकडतो आणि केबिन जागच्या जागी थांबते. ती थांबली नाही. मागे घसरत गेली, खांबापाशी उसळली आणि कोसळली. 14 जणांचा मृत्यू झाला, एक लहान मुलगा तेवढा वाचला. तो ब्रेक लागू नये म्हणून त्यात मुद्दाम पोलादी चिमटे अडकवून ठेवले होते. का? बिघाडामुळे तो ब्रेक सारखा सारखा लागत होता आणि सेवा खोळंबत होती.

म्हणून मी आत्याला म्हटलं होतं, थांबता येतं म्हणून बस. सुरक्षेचं यंत्र थांबवतं तेव्हा सगळ्यांनाच त्रास होतो. प्रवासी चिडतात, मालकाचं नुकसान होतं, फोटो पसरतात. त्या त्रासाला कंटाळून कुणी तरी वायरला वळसा घालतो किंवा ब्रेकमध्ये चिमटा अडकवतो, आणि त्या दिवसापासून ते यंत्र धोक्याचं होतं, जरी ते कधी नव्हे इतकं सुरळीत धावत असलं तरी. कुठल्याही रोपवेवर "सारखं थांबतं" ही तक्रार ऐकली की मला आधी त्या ऑपरेटरवर कसलं दडपण येत असेल याचीच काळजी वाटते.

राहिला वाट बघण्याचा भाग. स्कायलायनरच्या केबिनमध्ये एसी नाही, हवा झरोक्यांतून खेळते आणि केबिन चालू असताना ती छान खेळते. थांबली की गरम होतं. आत आणीबाणीचा संच ठेवलेला असतो. स्पीकर असतो. आणि इथेच तो बोलण्याचा मुद्दा येतो. अडकलेल्या माणसाला उंचीपेक्षा शांतता जास्त छळते. "आम्हाला माहीत आहे तुम्ही तिथे आहात, आता इंजिन बदलतोय, पुढच्या दहा मिनिटांनी परत सांगतो," एवढं कुणी बोललं आणि दहा मिनिटांनी खरोखर परत बोललं, तर माणूस तीन तास काढतो. काहीच ऐकू आलं नाही तर वीस मिनिटांत कुणीतरी दाराशी झटायला लागतो, आणि सगळ्यात वाईट शक्यता तिथून सुरू होते.

आत्याला फोनवर शेवटी जे सांगितलं ते असं. रांगेत उभं राहण्याआधी सगळ्यांनी बाथरूमला जाऊन या, पोरांना तर नक्कीच. ब्लडप्रेशरची आणि शुगरची गोळी हॉटेलात ठेवू नकोस, पर्समध्ये ठेव. पाण्याची बाटली, दोन खाण्याच्या गोष्टी, चार्ज केलेला फोन. केबिन थांबली तर बसूनच राहा, सगळे एका बाजूला जाऊन खाली वाकू नका, झुलवू नका. दाराला हात लावायचा नाही. अर्धा तास झाला तरी स्पीकरवर काही आलं नाही, किंवा कुणाला बरं वाटेनासं झालं, तर 911 ला, म्हणजे तिथल्या आणीबाणीच्या नंबरला फोन कर, इंग्रजीची काळजी करू नकोस, नातीला बोलू दे. केबिनवर नंबर लिहिलेला असतो, चढतानाच तो बघून ठेव, म्हणजे कुठल्या केबिनमध्ये आहात ते लगेच सांगता येईल. आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालंय हे चढतानाच तिथल्या माणसाला सांग, ते वेग कमी करतात, लागलं तर थांबवतात.

"म्हणजे माझ्यासाठी सगळ्यांचं थांबणार?" तिने विचारलं.

"हो," मी म्हटलं, "मिनिटभर."